तव्यावरची रेघ

निवृत्त झाल्यापासून मला एक प्रश्न फार विचारला जातो : "तुम्ही नेमकं काय काम करत होता?" नोकरीत होते तेव्हा कोणी विचारत नसे. बाई संस्थेत आहे, म्हणजे शिलाई मशिनी वाटत असेल, असं लोक मनाशी ठरवून टाकत. माझ्या सख्ख्या नणंदेनं तर मी अंगणवाडीत आहे असंच बावीस वर्षं धरलं होतं. मीही कधी दुरुस्ती केली नाही, कारण खरं सांगायला बसलं की चहा थंड व्हायचा.

आज सांगते. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे जे काम होतं ते असं. जगातल्या देशांनी एकत्र बसून सतरा ध्येयं ठरवली. गरिबी नको, भूक नको, सगळ्यांना आरोग्य, स्वच्छ पाणी, नीट काम, अशी. प्रत्येक ध्येयाच्या पोटात लक्ष्यं, आणि लक्ष्यांच्या पोटात निर्देशक, म्हणजे काम झालं की नाही ते मोजायच्या खुणा. हे सगळं दिल्लीहून भोपाळला आणि भोपाळहून जबलपुरात विजय नगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात पोचेपर्यंत त्याचा एक फॉर्म झालेला असे. तो फॉर्म घेऊन वस्तीत जायचं, तिथलं जगणं त्या चौकोनांत बसतं का पाहायचं, आणि नाही बसलं तर चौकोन बदलून मागायचा. शेवटची गोष्ट नेमणूकपत्रात नव्हती. ती मी फार उशिरा शिकले.

पहिला धडा शहरातल्याच गोहलपूर वस्तीत मिळाला. फॉर्मवर प्रश्न होता, घरातल्या किती बायका काम करतात? एका घरात पाच बायका बसल्या होत्या. मी विचारलं तर सगळ्यांत मोठी म्हणाली, "हम लोग कुछ नहीं करते दीदी, घर में रहते हैं." हे बोलताना तिच्या मांडीवर सलवार-सूटचा ढीग होता आणि ती हूक लावत होती. दुसरी तुरपाई करत होती. तिसरी दातांनी धागे तोडत होती. मी त्या दिवशी पाच वेळा 'काम नाही' लिहून आले. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग त्यायले काहून नाही विचारलं, की सकाळपासून हातानं काय काय करून राहिल्या?" पुढच्या आठवड्यात मी तसंच विचारलं, आणि पाचही जणींनी इतकं सांगितलं की पान पुरलं नाही.

बाबांविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीत ते आहेत. आमचं मूळ गाव वर्धेकडचं. बाबा तरुणपणी जबलपूरला संरक्षण खात्याच्या कारखान्यात लागले आणि ग्राइंडिंगच्या खात्यातून मिस्त्री म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. तेव्हा ते ऐंशीला टेकले होते. कानानं कमी, नजरेनं पक्के. माझ्या कामावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. "कागदं लिहून राहिली माझी पोरगी," असं ते शेजाऱ्यांना सांगत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट. कोविडच्या आधीची आहे, हे लक्षात असू द्या, कारण ती मास्कपासून सुरू होते.

जबलपूरजवळ, प्रवासी नावेतून संगमरवरी कडे बघायला येतात त्या भेडाघाटाच्या वाटेवर, मुख्य रस्ता सोडून आत, दगड कोरणाऱ्यांची एक छोटी वस्ती आहे. चौदा घरं. प्रत्येक घराच्या पुढच्या ओसरीत दुकान, तिथंच कारखाना आणि तिथंच संसार. मऊ पांढरा दगड, ज्याला तिकडे गोरा पत्थर म्हणतात, आणि थोडा संगमरवर. त्यांतून शिवलिंगं, गणपती, हत्ती, अगरबत्तीची घरं निघतात. पूर्वी सगळं छिन्नी-कानशीवर चालायचं. मग घरोघरी विजेचे ग्राइंडर आले. काम पटापट होऊ लागलं आणि धूळ शंभर पटींनी वाढली. दुपारी त्या गल्लीत शिरलं की वाटायचं, कुणीतरी पिठाची गिरणी उघड्यावर चालवतंय. झाडांची पानं पांढरी, कुत्री पांढरी, माणसांच्या भुवया पांढऱ्या.

आमच्या प्रकल्पात ही वस्ती 'आरोग्य' आणि 'सुरक्षित काम' या दोन ध्येयांखाली आली होती. निर्देशक दोन : किती कारागिरांना मास्क दिले, आणि किती कारागीर मास्क वापरतात. मी पेटी घेऊन गेले, घरोघर मास्क दिले, कसे लावायचे ते दाखवलं, फोटो काढले. सगळ्यांनी हसत हसत लावले. ऑफिसात येऊन मी पहिल्या रकान्यात लिहिलं, शंभर टक्के. दुसऱ्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. पण फोटोत सगळ्यांच्या तोंडावर मास्क दिसत होते. तिथेही मी शंभर टक्के लिहिलं.

भोपाळच्या बैठकीत माझं नाव घेऊन टाळ्या वाजल्या. मी त्या घेतल्या.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी भेडाघाटाला पाहुणे घेऊन गेले होते. ते नावेत बसले तेवढ्या वेळात म्हटलं, वस्तीत डोकावून यावं. कळवलेलं नव्हतं. पहिल्याच घरात माझा एक मास्क चहाच्या गाळणीसारखा पातेल्यावर ताणलेला होता. दुसऱ्या घरात तो दह्याच्या भांड्याचं झाकण झाला होता. तिसऱ्या घरी एका तयार गणपतीच्या सोंडेला बांधला होता, वाहतुकीत तुटू नये म्हणून. माणसांच्या तोंडावर एकही नाही.

तिसरं घर गोमतीबाईचं. चाळिशी ओलांडलेली, सडसडीत बाई, पाचवीपर्यंत शिकलेली. हातात कानस आणि तोंडात सुपारी. नवरा हल्के भैया ग्राइंडर चालवत होता. मधूनमधून मशीन थांबवायचा तो खोकायला. त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला साडीच्या झोळीत त्यांची वर्षाची नात, मुनिया, झोपली होती. तिच्या पापण्यांवर पांढरा थर होता.

मी चिडले. म्हणाले, "मास्क दिले होते ना? का नाही लावत?"

गोमतीबाई बोलली ती अर्थात हिंदीत. मी बरंचसं मराठीत लिहिते, पण काही वाक्यं तिचीच ठेवते. ती म्हणाली, "दीदी, तुम्ही कधी दगड घासलाय?"

"नाही."

"तो बैठो."

तिनं माझ्यापुढे एक ओबडधोबड हत्ती ठेवला आणि हातात कानस दिली. कानाची रेघ पेन्सिलीनं काढलेली होती, ती उतरवायची. दहा वेळा कानस फिरवली की रेघ धुळीखाली गडप. ती दिसायला फुंकर मारावी लागते. मास्क लावून फुंकर कशी मारणार? अर्ध्या तासात माझा मास्क घामानं ओला होऊन त्यावर लेप बसला आणि श्वास घेता येईना. तेवढ्यात दोन प्रवासी आले, "ये कैसे दिया?" विचारू लागले. मास्कमधून मी काय सांगतेय ते त्यांना ऐकू गेलं नाही आणि ते शेजारच्या दुकानात गेले. गोमतीबाई माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं?' असं काही नव्हतं. ती फक्त वाट बघत होती, की या बाईच्या डोक्यात प्रकाश कधी पडतो.

"हत्तीचा कान बिघडवलात," एवढंच म्हणाली ती.

पाहुण्यांना सोडून संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. माझ्या साडीकडे पाहून म्हणाले, "काहून वं, चुन्याच्या भट्टीत गेली होती काय?"

मी सगळं सांगितलं. दुसऱ्या रकान्यातल्या शंभर टक्क्यांसकट. बापाला सांगताना मान वर होईना. त्यांनी माझ्या पदरावरची धूळ बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाले, "आमच्या खात्यात पहिले असंच होतं. तोंडाला फडकं बांधा म्हणत. आमच्या संगतीचे दोघं-तिघं पन्नाशीतच दम लागून गेले. मग एक साहेब आला, तो म्हणे, माणसाच्या तोंडाचं मागाहून पाहू, पहिले धूळ उठूच देऊ नका. शोभा, मले घेऊन चाल तिथं."

"बाबा, उन्हात तुम्हाला..."

"मी काय साखरेचा आहो? चाल म्हटलं ना."

बाबांना घेऊन मी रविवारी गेले. त्यांनी वस्तीत पाऊल ठेवल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर खिशातून अगरबत्तीचा पुडा काढला. लोकांना वाटलं म्हातारा देवदर्शनाला आलाय. बाबांनी एकेका ओसरीत अगरबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहिलं. घराच्या आतच जात होता. सगळ्या ओसऱ्या नदीकडे तोंड करून, आणि वारा नदीकडून येणारा. म्हणजे प्रत्येक घर आपलीच धूळ गिळत होतं.

मला वाटलं, आता बाबा पाणी वापरा म्हणतील. मी तसं बोललेही. बाबा माझ्यावर खेकसले, "विजेच्या मशिनीवर पाणी टाकतेस? मारतेस काय त्यायले? पाणी हाताच्या कानशीले. मशीनले नाही." मग हल्के भैयाकडे वळून आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "सब ग्राइंडर एक जगह ले जाओ. वो तिकडे, अर्जुन के झाड के नीचे. हवा उधर से बाहर जाती."

वस्तीच्या पार टोकाला, उतारावर अर्जुनाचं एक मोठं झाड होतं. तिथली हवा शेताकडे निघून जायची. जागा बरोबर होती. पण माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, "बाऊजी, गिऱ्हाईक समोर बनताना बघतं म्हणून घेतं. झाडाखाली कोण येणार?" हल्के भैया तर उठूनच गेला. जाता जाता म्हणाला, "मेरा बाप यहीं बैठता था, मैं भी यहीं बैठूँगा."

बाबांचा चेहरा पडला. कारखान्यात मिस्त्री बोलला की ऐकलं जायचं. इथं तसं नव्हतं.

तेव्हा गोमतीबाई बोलली. इतका वेळ ती पायऱ्यांवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "बाऊजी, गिऱ्हाईक काय बघतं ते मी रोज बघते. ग्राइंडर चालू असला की प्रवासी कानांवर हात ठेवून पुढे जातात. थांबतात ते कानशीपाशी. हातानं नाक-डोळे काढताना बघायला थांबतात. मोठं रगडायचं काम सकाळी झाडाखाली करू, प्रवासी यायच्या आधी. नाक-डोळे ओसरीत, कानशीनं, पाणी लावून."

बाबांना नीट ऐकू आलं नव्हतं. मी कानाशी जाऊन सांगितलं. ते तिच्याकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, "हिले आमच्या खात्यात घ्यायले पाहिजे होतं."

पण बायका तयार आणि पुरुष नाहीत, असा पेच होता. बाबा म्हणाले, मोजून दाखवल्याशिवाय मशीनवाला माणूस ऐकत नाही. कारखान्यात हवेतली धूळ मोजायला यंत्र होतं. इथं कुठून आणायचं? मी म्हटलं, भोपाळला लिहिते. गोमतीबाईनं विचारलं, "मोजायचं म्हणजे काय करायचं?" मी सांगितलं, किती धूळ पडते ते दिसलं पाहिजे.

ती आत गेली आणि पोळ्यांचा तवा घेऊन आली. काळाकुट्ट, घासूनपुसून कोरडा केलेला. तो तिनं मुनियाच्या झोळीखाली पालथा ठेवला. म्हणाली, "सकाळी ठेवायचा. दुपारी बोट फिरवायचं. रेघ उमटली तर धूळ आहे. नाही उमटली तर नाही."

मी इतकी वर्षं निर्देशकांची प्रशिक्षणं घेतली आणि दिलीही. निर्देशक सोपा हवा, स्वस्त हवा, ज्याचं काम त्याला समजणारा हवा, असं फळ्यावर लिहिलं होतं. तो कसा असतो ते मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

त्या आठवड्यापासून चौदा घरांत चौदा तवे पालथे पडले. दुपारी बायका एकमेकींच्या ओसरीत जाऊन बोट फिरवायच्या. रेघ सगळीकडे उमटत होती, पण आता ती सगळ्यांना दिसत होती. तीन घरांतले पुरुष चार दिवसांत ग्राइंडर उचलून झाडाखाली गेले. मग आणखी दोन. हल्के भैया जागचा हलला नाही.

एका सकाळी माझा फोन वाजला. गोमतीबाई. "दीदी, इनकी साँस नहीं आ रही." मी पोचेपर्यंत त्यांनी त्याला ऑटोत घालून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आणलं होतं. हल्के भैया खाटेवर बसून होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, एकेक श्वास ओढून आणत. जाड मानेचा, दगड उचलणारा माणूस तो. त्या दिवशी पाण्याचा पेला त्याला उचलवत नव्हता. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. म्हणाले, जे आत बसलंय ते निघणार नाही. आणखी जाऊ देऊ नका.

आठ दिवसांनी तो घरी आला. मी भेटायला गेले तेव्हा दुपार होती. तो ओसरीतल्या खाटेवर झोपला होता, शेजारी मुनियाची झोळी. शेजारच्या घरातला ग्राइंडर चालू होता. गोमतीबाईनं मला खुणेनं बसायला सांगितलं. तिनं नवऱ्याशी वाद घातलेला मी कधी पाहिला नाही. त्या दिवशीही घातला नाही. तिनं एक तवा त्याच्या उशाशी ठेवला होता आणि दुसरा नातीच्या झोळीखाली.

तो उठला. उशाशी तवा दिसला. त्यानं बोट फिरवलं, रेघ उमटली. मग वाकून झोळीखालचा तवा ओढला, त्यावरही फिरवलं. दोन्ही रेघांकडे बघत राहिला. मुनियाला त्याच वेळी खोकला आला. लहान मुलांचा असतो तसा, झोपेतला. हल्के भैयानं तिच्या पापण्यांवरची पांढरी पूड अंगठ्यानं पुसली.

"गोमती," तो म्हणाला, "मशीन उठवा दे."

त्याच्या अंगात ग्राइंडर उचलायची ताकद नव्हती. शेजारचा, ज्याचा ग्राइंडर चालू होता, तो आपलं मशीन बंद करून आला आणि दोन्ही मशिनी घेऊन झाडाकडे गेला. हल्के भैया मागून चालत गेला. मधे दोनदा थांबला, पण गेला. झाडाखाली जाऊन त्यानं जागा दाखवली, कुणाचं मशीन कुठे. त्याच्या शब्दाला वस्तीत वजन होतं. महिन्याभरात ओसरीतला शेवटचा ग्राइंडर हलला.

आणि मग आमच्या प्रकल्पाची तपासणी आली.

बाहेरून एक मॅडम येणार होत्या. माझ्या वरिष्ठांनी मला बोलावून सांगितलं, वस्तीत निरोप द्या, त्या दिवशी सगळ्यांनी मास्क लावावेत. ते वाईट माणूस नव्हते. शंभर टक्क्यांचा कागद पुढे गेला होता, आणि त्यावर त्यांची सही होती. मी हो म्हणाले. निरोपही दिला.

मॅडम आल्या. मोजकं बोलणाऱ्या, पायात साध्या चपला. चौदा घरांपुढे चौदा पुरुष मास्क लावून ओळीनं उभे होते, एखाद्या शस्त्रक्रियेला निघाल्यासारखे. गोमतीबाई मात्र उघड्या तोंडानं कानस चालवत होती. मॅडमनी फॉर्म काढला आणि मला विचारलं, "वापर शंभर टक्के?"

मी गोमतीबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती, तिच्या हातातल्या गणपतीचा डोळा काढणं चाललं होतं. तिनं मला काही सुचवलं असतं तर कदाचित मी हो म्हणून मोकळी झाले असते.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "हा आकडा मी लिहिलाय आणि तो खोटा आहे. इथं कोणी मास्क वापरत नाही. आज लावलेत ते तुमच्यासाठी."

वरिष्ठ जमिनीकडे बघू लागले. रांगेतल्या एकानं हळूच मास्क खाली ओढून श्वास घेतला. मग दुसऱ्यानं. मॅडम म्हणाल्या, "मग इथं झालं काय?"

गोमतीबाईनं गणपती बाजूला ठेवला, हात धुतले, झोळीखालचा तवा उचलून मॅडमपुढे धरला. "उँगली फिराइए."

मॅडमनी बोट फिरवलं. रेघ उमटली नाही. म्हणजे अगदी नाही असं नाही, पुसट होती. गोमतीबाईच म्हणाली, "थोड़ी है. चार बजे तक और होगी. पहले तो इसपे नाम लिख लो, इतनी होती थी." मग ती मॅडमना झाडाखाली घेऊन गेली, ओसरीतली पाण्याची वाटी दाखवली, बाबांच्या अगरबत्त्यांचं सांगितलं. मी मागून चालत होते. त्या दोन तासांत मला कोणी काही विचारलं नाही.

जाताना मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आकड्याचं मला लिहावं लागेल."

"लिहा," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं. मला लेखी ताकीद मिळाली, आणि ती माझ्या फाईलमध्ये शेवटपर्यंत होती. पण त्याच अहवालात त्यांनी तव्याविषयी दोन पानं लिहिली होती. पुढच्या बैठकीत ती वाचली गेली तेव्हा काही जण हसले. एकानं विचारलं, हा तवा कुठल्या ध्येयाखाली धरायचा? त्यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी 'इतर स्थानिक निर्देशक' असा एक रकाना तयार झाला. पुढे स्थानिक निधीतून अर्जुनाच्या झाडाशेजारी पत्र्याची उघडी शेड आणि धूळ बाहेर ओढणारा मोठा पंखाही झाला. पंखा कुठे बसवायचा ते सांगायला बाबा दोन वेळा गेले, माझ्या मनाविरुद्ध.

हल्के भैया त्यानंतर तीन वर्षं जगला. ग्राइंडर त्यानं पुन्हा धरला नाही. ओसरीत बसून पाण्यानं पॉलिश करायचा, मुनियाला खेळवायचा. तो गेल्यावर मी गोमतीबाईपाशी बसले होते तेव्हा मनात एकच हिशेब चालू होता. मी तो दुसरा शंभर लिहिला नसता, त्याऐवजी शून्य लिहून पुढच्या महिन्यात परत गेले असते, तर हे सगळं चार-पाच महिने आधी सुरू झालं असतं. तेवढ्यानं तो वाचला असता का, ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, तसा काही नेम नसतो. मी तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "धूळ तीस साल की थी दीदी. आप तो कल आईं." तिनं मला माफ केलं की माझं महत्त्व कमी केलं, याचा मी अजून विचार करते.

बाबाही आता नाहीत. त्यांच्या तेराव्याला वस्तीतल्या सहा बायका दोन ऑटोंतून विजय नगरला आल्या होत्या. आमच्या नातेवाइकांना कळेना, या कोण. मी सांगितलं, बाबांच्या खात्यातल्या आहेत.

निवृत्तीनंतर मी भेडाघाटाकडे वर्षभर फिरकले नव्हते. मागच्या हिवाळ्यात गेले, तर गोमतीबाईच्या ओसरीला कुलूप. मुनिया आता शाळेत जाते. ती दप्तर घेऊन समोरच्या घरी बसली होती. म्हणाली, "दादी नदी पार गई है. उधर वालों को सिखाने."

पलीकडच्या काठाच्या आतल्या अंगाला दगडवाल्यांची दुसरी वस्ती आहे, याची मला कल्पना होती. आमच्या प्रकल्पात ती कधी आली नाही. पाण्याकाठी उतरून वाट पाहत बसले. दुपार कलती झाली तेव्हा नाव आली. गोमतीबाई मधल्या फळीवर बसली होती. बरोबर आणखी दोघी, आणि पलीकडची एक तरुण बाई, इकडची शेड बघायला निघालेली. मला बघून गोमतीबाई नावेतूनच हसली.

उतरल्यावर कळलं, गेल्या पावसाळ्यापासून त्या जात होत्या. तिकडची नऊ घरं. पाच घरांतले ग्राइंडर हलले, चार बाकी. वारा तिकडे उलटा आहे, म्हणून जागा वेगळी शोधावी लागली, आणि तिथल्या बायका तव्याऐवजी काळी पाटी वापरतात, कारण तवा दिवसभर चुलीवर असतो. एवढं सगळं झालं होतं आणि मला पत्ता नव्हता.

मी जरा रुसूनच विचारलं, "मला कळवलं का नाही? मी आले असते की."

गोमतीबाईनं साडीच्या काठानं पाय पुसले. पलीकडच्या बाईला आधार देऊन नावेतून उतरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"आपको बुलाते तो आप फारम ले आतीं, दीदी."